बीट (कंदभाजी)

बीट (शास्त्रीय नाव : बीटा व्हल्गॅरिस, कुळ : ॲमरँथेसी) ही गडद लाल, गोडसर कंदासाठी आणि तांबूस शिरांच्या पाल्यासाठी लावली जाणारी भाजी आहे. मराठीत तिला बीट, बीटरूट अशी नावे असून हिंदीत चुकंदर म्हणतात. महाराष्ट्रात ती प्रामुख्याने कोशिंबीर, कीस, सुकी भाजी, हलवा व सँडविच या रूपांत खाल्ली जाते. पाला मात्र बहुतेक घरांत टाकून दिला जातो.

प्रस्तुत लेखात ताज्या बिटाची निवड, साठवण व घरगुती पाककृती यांची माहिती असून ती देताना पूर्व विदर्भाचा, विशेषतः भंडारा जिल्ह्यातील साकोली परिसराचा, संदर्भ घेतला आहे. या निवडीला कारण आहे. बीट खाल्ल्याने रक्त वाढते ही समजूत महाराष्ट्रभर रूढ आहे. परंतु भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर व गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळत असल्याने येथे त्या समजुतीचे परिणाम केवळ स्वयंपाकघरापुरते राहत नाहीत.

नाव

‘बीट’ हा शब्द इंग्रजीतून मराठीत आला, तर ‘चुकंदर’ हा हिंदीत फारसीतून आला. साकोली तालुका छत्तीसगड व मध्य प्रदेशाच्या सीमांपासून फार दूर नसल्याने या भागातील बाजारात दोन्ही शब्द समजतात. मराठीत ‘बीट’ नपुंसकलिंगी चालवतात (ते बीट, ती बिटे, बिटाची कोशिंबीर). साखर कारखान्यांच्या संदर्भात येणारे ‘बीट’ म्हणजे शर्कराकंद होय. तो याच जातीचा पांढऱ्या कंदाचा प्रकार असून भाजीसाठी वापरला जात नाही.

वनस्पती

बीट हे पालक, चाकवत, माठ व राजगिरा यांच्या कुळातील आहे. पूर्वी पालक, चाकवत आणि बीट यांचे चिनोपोडिएसी असे वेगळे कुळ मानत असत. आता ते ॲमरँथेसीत समाविष्ट केले जाते. पाल्याची चव पालकासारखी का लागते, याचा उलगडा या नात्यातून होतो.

ज्याला कंद म्हटले जाते तो भाग म्हणजे मूळ व त्याच्या वरचा खोडाचा भाग मिळून झालेली फुगवटी होय. बीट आडवे कापल्यावर फिकट व गडद रंगांची एकाआड एक वलये दिसतात. ती झाडाच्या खोडातील वार्षिक वलयांसारखी भासली तरी वर्षे दाखवीत नाहीत. एकाच हंगामात एकामागून एक तयार होणाऱ्या ऊतींच्या थरांमुळे ती पडतात. बाजारात ‘बी’ म्हणून मिळणारा खडबडीत दाणा हा वस्तुतः अनेक फळांचा एकत्र झालेला झुबका असतो. त्यामुळे एका दाण्यातून दोन ते चार रोपे उगवतात व विरळणी अपरिहार्य ठरते. विरळणी न केल्यास पाला भरपूर येतो, परंतु कंद बोराएवढेच राहतात.

इतिहास

आजच्या बिटाचा पूर्वज म्हणजे भूमध्य समुद्र व पश्चिम युरोपच्या किनाऱ्यांवर अजूनही आढळणारे रानटी सागरी बीट. प्राचीन काळी त्याची पाने खात व मुळे औषधासाठी वापरीत. रोमन पाककृतींच्या ॲपिशियसच्या नावे प्रसिद्ध असलेल्या संग्रहात बिटाचे पदार्थ आहेत. गोलसर, लाल, मांसल कंदाचे बीट त्या मानाने बऱ्याच उशिरा युरोपात रुळले. १७४७ मध्ये आंद्रेआस मार्ग्राफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बिटातील साखर ही उसातील साखरच असल्याचे दाखवून दिले. त्यांचे शिष्य फ्रांझ कार्ल आखार्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सायलेशिया प्रांतात बिटापासून साखर काढण्याचा पहिला कारखाना उभारला. बिटाचा सर्वांत प्रसिद्ध पदार्थ असलेले ‘बोर्श्ट’ हे आंबट सार पूर्व युरोपातील आहे. युक्रेनमधील बोर्श्ट शिजवण्याच्या परंपरेचा समावेश युनेस्कोने २०२२ मध्ये तातडीने जतन करावयाच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला.

लागवड

बीट हे थंड हवेचे पीक आहे. महाराष्ट्राच्या सपाट प्रदेशात ते रब्बी हंगामात, साधारणपणे सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात पेरतात आणि वाण व हवामानानुसार दोन ते तीन महिन्यांत काढतात. ‘डेट्रॉइट डार्क रेड’ व ‘क्रिमसन ग्लोब’ हे भारतात दीर्घकाळ लावले जाणारे वाण आहेत.

साकोली हा भाताचा प्रदेश आहे. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे येथील कृषी संशोधन केंद्रही भातावरील कामासाठीच ओळखले जाते. तलावांच्या पाण्यावर भिजणाऱ्या बांध्यांत पावसाळाभर पाणी साचलेले असते व धानाची कापणी होईपर्यंत जमीन मोकळी होत नाही. बिटाला याच्या नेमकी उलट परिस्थिती लागते : भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी, आम्ल नसलेली माती. घट्ट चिखलणीच्या जमिनीत कंद वेडावाकडा वाढतो व त्याला फाटे फुटतात. त्यामुळे या भागात बीट लावायचे झाल्यास घरामागची सांदवाडी हीच योग्य जागा ठरते. तेथे वीतभर उंचीचा गादीवाफा करून चांगले कुजलेले शेणखत मिसळावे, दाणे रात्रभर भिजवून बोटाच्या एका पेराएवढे खोल टोकावेत आणि रोपे चार बोटे उंच झाली की दोन रोपांत सुमारे १० सें.मी. अंतर राखून बाकीची उपटावीत. उपटलेली रोपे हा वाया जाणारा माल नव्हे. बिटाची पहिली पालेभाजी ती हीच. जमिनीत बोरॉनची कमतरता असल्यास कंदाच्या आत काळे, बुचासारखे डाग पडतात. बाहेरून निरोगी दिसणारे बीट कापल्यावर आत काळे निघते ते बहुधा यामुळे.

रंग आणि गंध

बिटाचा रंग बीटालेन या गटातील द्रव्यांचा असतो. जांभूळ, लाल कोबी किंवा वांग्याची साल यांचा रंग अँथोसायनिन गटातील द्रव्यांमुळे येतो; दोहोंचे रसायन वेगळे आहे. बिटातील मुख्य लाल द्रव्यास बीटानिन म्हणतात. त्याचे चार गुणधर्म स्वयंपाकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. ते पाण्यात विरघळते, म्हणून सोललेले बीट उकळले की रंग पाण्यात उतरतो. दीर्घकाळ उष्णता मिळाल्यास ते विघटित होऊन तपकिरी झाक येते. बिटाच्या पोळीची कणीक गुलाबी व भाजलेली पोळी मातकट दिसते ती त्यामुळे. सौम्य आंबटपणात ते टिकते, तर खाण्याच्या सोड्याने बिघडते. आणि लोखंड व तांबे यांच्या सान्निध्यात त्याचे विघटन लवकर होते.

बिटाला येणारा मातीचा वास जिओस्मिन या द्रव्याचा असतो. पहिल्या पावसानंतर जमिनीतून येणाऱ्या सुगंधातही हेच द्रव्य असते. मृद्गंध सर्वांना प्रिय असला तरी तोच वास पानात आला की पुष्कळांना नकोसा होतो. जिओस्मिन सालीत अधिक असते व आम्लाच्या संपर्कात ते गंधहीन द्रव्यात रूपांतरित होते. म्हणून बीट सोलल्याने, तसेच लिंबू, चिंच किंवा आंबट दही घातल्याने वास उणावतो. ‘बीट आवडत नाही’ असे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांची तक्रार वस्तुतः नीट न सोललेल्या व आंबट न घातलेल्या बिटाविषयी असते.

निवड व साठवण

ताजे बीट हाताला टणक व वजनदार लागते. त्याची साल गुळगुळीत असते व खालचे शेपूट अखंड असते. मध्यम आकाराची, सुमारे ५ ते ७ सें.मी. व्यासाची बिटे घ्यावीत. फार मोठ्या बिटात मधला भाग काष्ठमय होतो व ते कितीही शिजवले तरी दाताखाली चिवट लागते. पाल्यासह विकले जाणारे बीट शक्य तेव्हा निवडावे, कारण कंद आठवड्याचा जुना झाला तरी ताजा भासू शकतो, पाला मात्र खरे वय लपवीत नाही.

घरी आणल्यावर पाला लगेच वेगळा करावा. तो जोडलेला राहिल्यास कंदातील ओलावा ओढून घेतो. देठाचे दोन-तीन सेंटिमीटर खुंट ठेवून पाला कापावा, शेपूट कापू नये, कंद धुऊ नये. माती नुसती झटकून, छिद्रे असलेल्या पिशवीत घालून शीतकपाटात ठेवल्यास तो दोन आठवडे सहज टिकतो. शीतकपाट नसल्यास ओलसर वाळूत पुरून थंड, अंधाऱ्या जागी ठेवतात. हिवाळ्यात ही पद्धत चांगली लागू पडते, उन्हाळ्यात नाही. पाला दोन-तीन दिवसांत संपवावा.

शिजवण्याची पद्धत

बीट उकडताना ते अखंड ठेवणे हा मुख्य नियम होय. साल, शेपूट व देठाचा खुंट शाबूत असले की रंग, साखर व जीवनसत्त्वे आतच राहतात. कंद चोळून धुवावा, पण साल खरवडू नये. प्रेशर कुकरमध्ये मध्यम आकाराच्या बिटांना मंद आचेवर सुमारे चार-पाच शिट्ट्या पुरतात. साध्या पातेल्यात झाकण ठेवून ३० ते ४५ मिनिटे लागतात. सुरी सहज आत गेली की बीट शिजले. थंड पाण्याखाली धरून अंगठ्याने चोळल्यास साल आपोआप सुटते. वरण-भाताच्या कुकरमध्येच बीट लावायचे असल्यास ते झाकणाच्या स्वतंत्र डब्यात ठेवावे, नाहीतर भात गुलाबी होतो.

बीट बटाट्याप्रमाणे लवकर मऊ का होत नाही, असा प्रश्न नवशिक्यांना पडतो. त्याच्या पेशीभित्तिका अशा घटकांनी एकमेकींना जखडलेल्या असतात की त्या उष्णतेने सहज सुटत नाहीत. आंबट घातल्यास त्या आणखी घट्ट राहतात. येथे एक पेच उभा राहतो : आंबटाने रंग टिकतो, पण बीट शिजत नाही. त्यावर उपाय क्रमाचा आहे. आधी अखंड बीट साध्या पाण्यात किंवा वाफेवर पूर्ण शिजवावे, मग सोलून कापावे आणि आंबट त्यानंतर घालावे. लवकर शिजावे म्हणून सोडा घालण्याची युक्ती मात्र टाळावी. त्याने बीट गिळगिळीत होते, रंग मळतो व काही जीवनसत्त्वे नष्ट होतात.

घरगुती पदार्थ

कोशिंबीर हा महाराष्ट्रातील बिटाचा सर्वाधिक परिचित प्रकार आहे. दोन मध्यम बिटे उकडून किसावीत किंवा बारीक चिरावीत. त्यात दाण्याचा जाडसर कूट, चिरलेली हिरवी मिरची व कोथिंबीर (विदर्भात सांभार) घालावी. तेलात मोहरी, जिरे व हिंगाची फोडणी करून ती गार झाल्यावर ओतावी. दही व मीठ पान वाढण्याच्या वेळी घालावे. मीठ आधी घातल्यास पाणी सुटून कोशिंबिरीचे सार होते. बीट मुळात गोड असल्याने साखर घालण्याची गरज नसते, तरी पुष्कळ पाककृतींत ती आढळते. दही आंबट असल्यास चव अधिक उठते. भात हेच मुख्य अन्न असलेल्या भंडारा जिल्ह्यात ही कोशिंबीर वरण-भाताच्या शेजारी वाढली, तर तिचा रस भातात शिरून सगळे पान रंगते. ती लहान वाटीत वाढणे सोयीचे.

कच्च्या बिटाचा कीस करताना साल जाड काढावी, कारण मातीचा वास तेथेच असतो. किसात लिंबाचा रस, मीठ व कूट घालून वरून मोहरी-मिरचीची चुरचुरीत फोडणी देतात. निम्मे गाजर किंवा मुळा मिसळल्यास बिटाचा उग्रपणा कमी होतो. कच्चे बीट खाताना कधी कधी घशाला किंचित खवखव जाणवते. लिंबू व कूट यांनी ती पुष्कळ कमी होते.

सुक्या भाजीसाठी बिटाच्या बारीक फोडी तेलावर परतून, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवतात. भिजवलेली हरभऱ्याची डाळ घातल्यास बिटाच्या गोडीला खमंग जोड मिळते. कोकणात वरून ओले खोबरे पेरतात. पूर्व विदर्भात जवस व तीळ घरोघरी असतात. भाजलेल्या जवसाची भरड शेवटी घातल्यास ओल्या खोबऱ्याची उणीव भासत नाही आणि भाजीला वेगळाच खमंगपणा येतो. या भाजीला तिखट अंमळ जास्त लागते. गोड भाजी नको म्हणून बीट नाकारणाऱ्यांना लसूण व लाल तिखटाची फोडणी दिलेली भाजी सहसा मानवते.

भाजी लोखंडी कढईत करावी की नाही, याविषयी दोन बाजू आहेत. लोखंडाच्या संपर्काने रंग मंदावतो. परंतु लोखंडी भांड्यात शिजवलेल्या, विशेषतः टोमॅटो किंवा चिंच घातलेल्या अन्नात लोहाचे प्रमाण वाढते. लाल रंगाच्या भाजीपेक्षा काळवंडलेल्या भाजीत लोह अधिक असण्याचा हा विरोधाभास पुढे येणाऱ्या विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

हलव्यासाठी कच्चे बीट किसून तुपावर परततात व दुधात आटवतात. गाजराच्या मानाने साखर कमी लागते आणि वेळ अधिक. वास राहू नये म्हणून कीस तुपावर पुरेसा परतणे आवश्यक असते. वेलची हा वास झाकते, घालवीत नाही. बिटाचा कीस थालीपिठाच्या भाजणीत, पुरीच्या कणकेत व कटलेटमध्येही मिसळतात. मुंबईच्या पदपथांवर मिळणाऱ्या सँडविचमध्ये हिरवी चटणी, बटाटा, काकडी, टोमॅटो यांच्या जोडीने उकडलेल्या बिटाची चकती असते. बीट एरवी न खाणाऱ्या असंख्य लोकांच्या पोटात ते याच मार्गाने जाते. बंगालमधील ‘भेजिटेबल चॉप’, तमिळनाडूतील पोरियल, केरळातील पच्चडी आणि उत्तर भारतात होळीच्या सुमारास होणारी गाजर-बिटाची आंबवलेली कांजी हे इतर प्रांतांतील प्रसिद्ध प्रकार होत.

पाला

बिटाचा पाला ही स्वतंत्र पालेभाजीच आहे आणि पोषणाच्या दृष्टीने ती कंदापेक्षा सरस आहे. बाजारात येईपर्यंत पाला बहुधा छाटून टाकलेला असतो. त्यामुळे सांदवाडीत बीट लावणाऱ्या कुटुंबालाच त्याचा खरा लाभ होतो. एकेका रोपाची बाहेरची एक-दोन पाने अधूनमधून खुडल्यास कंदाच्या वाढीस विशेष बाधा येत नाही.

पाला तीन-चार पाण्यांतून धुऊन देठ व पान वेगळे चिरावे. देठ आधी परतावेत, पाने नंतर घालावीत. तेलात भरपूर ठेचलेला लसूण, मिरची व भिजवलेली मुगाची किंवा तुरीची डाळ घालून केलेली कोरडी भाजी भाकरीबरोबर चांगली लागते. भाताबरोबर खाण्यासाठी पातळ भाजी करतात : पाला डाळीसह शिजवून घोटावा, ताकात बेसन कालवून त्यात सोडावे, उकळी आल्यावर लसणाची फोडणी वरून द्यावी. ताकाच्या आंबटपणामुळे ही भाजी तपकिरी न होता तांबूस राहते. पालकाची पातळ भाजी येणाऱ्या कोणालाही ती निराळी शिकावी लागत नाही.

पोषणमूल्य

१०० ग्रॅम कच्च्या बिटात सुमारे ८८ ग्रॅम पाणी, ९.६ ग्रॅम कर्बोदके (पैकी ६.८ ग्रॅम साखर), २.८ ग्रॅम तंतू, १.६ ग्रॅम प्रथिने व ४३ किलोकॅलरी ऊर्जा असते. पोटॅशियम सुमारे ३२५ मिलिग्रॅम, फोलेट सुमारे १०९ मायक्रोग्रॅम व लोह सुमारे ०.८ मिलिग्रॅम असते. शिजवल्यावर फोलेट सुमारे ८० मायक्रोग्रॅमपर्यंत उतरते. तेवढ्याच वजनाच्या पाल्यात लोह सुमारे २.६ मिलिग्रॅम, म्हणजे कंदाच्या तिप्पट असते; शिवाय कॅल्शियम, ‘अ’ जीवनसत्त्वाची पूर्वद्रव्ये व ‘के’ जीवनसत्त्व विपुल असते.

बिटात नायट्रेटही भरपूर असते. तोंडातील जीवाणू त्याचे नायट्राइट करतात व पुढे शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होऊन रक्तवाहिन्या शिथिल होतात. बिटाच्या रसाने रक्तदाब काही प्रमाणात उतरतो असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. तथापि तो रक्तदाबाच्या औषधाला पर्याय नाही.

बीट आणि रक्त

लाल पदार्थ रक्त वाढवतो ही कल्पना रंगसाम्यातून आलेली आहे. बिटाचा लाल रंग बीटानिनचा असतो व त्यात लोह नसते. रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनचा असतो व त्याच्या केंद्रस्थानी लोह असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ स्त्रीला दररोज २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे. १०० ग्रॅम बीट त्यातील जेमतेम ०.८ मिलिग्रॅम पुरवते व वनस्पतिजन्य लोह असल्याने त्याचाही थोडाच अंश शोषला जातो. तुलनेसाठी, १०० ग्रॅम कोरड्या मसुरीत सुमारे ७ मिलिग्रॅम, तर जवसात ५ मिलिग्रॅमहून अधिक लोह असते. म्हणजे बिटाच्या भाजीवर पेरलेली दोन चमचे जवसाची भरड लोहाच्या बाबतीत बिटाच्या बरोबरीने उतरते. जेवणात लिंबू किंवा आवळा असणे आणि जेवणाबरोबर चहा न घेणे यांनी लोहाचे शोषण सुधारते.

फोलेटच्या बाबतीत मात्र बिटाची कीर्ती सार्थ आहे. प्रौढ स्त्रीची दैनंदिन गरज २२० मायक्रोग्रॅम असून शिजवलेले १०० ग्रॅम बीट तिचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाटा देते. नव्या रक्तपेशी तयार होण्यास फोलेट लागते. गरोदरपणात ही गरज ५७० मायक्रोग्रॅमपर्यंत वाढते व ती केवळ आहारातून भागत नाही, म्हणून गोळ्या दिल्या जातात.

सिकलसेलच्या पट्ट्यात या फरकाला वेगळे महत्त्व येते. सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या रचनेतील आनुवंशिक बदलामुळे तांबड्या पेशी ताठर व विळ्याच्या आकाराच्या होतात. सामान्य तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही १० ते २० दिवसांतच नष्ट होते. म्हणजे येथील रक्ताल्पता लोहाच्या अभावामुळे नव्हे, तर पेशी लवकर मोडल्यामुळे होते. अशा रुग्णाला बीट, गूळ, खजूर खाऊ घालून रक्त वाढण्याची वाट पाहत राहिल्यास निदान लांबते आणि त्या अवधीत तीव्र वेदनांचा झटका, जंतुसंसर्ग किंवा अवयवांना इजा होण्याचा धोका असतो. वारंवार रक्त भरलेल्या रुग्णांत तर लोह शरीरात प्रमाणाबाहेर साचलेले असू शकते. त्यांनी लोहाच्या गोळ्या वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेणे अपायकारक ठरते. दोन्ही प्रकारची रक्ताल्पता एकाच व्यक्तीत असणेही शक्य असते. त्यामुळे फिकटपणा, सतत थकवा, डोळे पिवळे दिसणे किंवा सांधेदुखी असलेल्या मुलाची आधी रक्ततपासणी होणे आवश्यक असते. प्राथमिक चाचणी विद्राव्यतेची असून निश्चित निदान हिमोग्लोबिनच्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीने होते. पती व पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू केले.

या आजारात तांबड्या पेशी सतत नव्याने तयार कराव्या लागत असल्याने शरीराची फोलेटची गरज वाढलेली असते व डॉक्टर सहसा फॉलिक आम्लाच्या गोळ्या देतात. बीट व त्याचा पाला या रुग्णांनी खाण्यास सामान्यतः हरकत नसते. गोळ्यांची जागा ते घेऊ शकत नाहीत.

बीट खाल्ल्यानंतर काहींच्या लघवीला गुलाबी किंवा लाल रंग येतो. लोकसंख्येच्या अंदाजे १० ते १४ टक्के लोकांत हा प्रकार आढळतो व लोहाची कमतरता असलेल्यांत तो अधिक दिसतो. तो स्वतः निरुपद्रवी असून एक-दोन दिवसांत थांबतो. शौचालाही लाली येऊ शकते. परंतु सिकलसेलच्या रुग्णांत मूत्रपिंडाला इजा होऊन लघवीतून खरोखरच रक्त जाऊ शकते. म्हणून रंग दिसल्यास आदल्या दिवशी बीट खाल्ले होते का हे आठवावे. खाल्ले नसल्यास, किंवा बीट बंद करूनही दोन दिवसांनंतर लाली राहिल्यास, लघवीची तपासणी करून घ्यावी.

दक्षता

बिटात व त्याहूनही पाल्यात ऑक्झलेट असते. मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांनी बीट बेताने खावे; पाला उकळून पाणी टाकून दिल्यास ऑक्झलेट काहीसे कमी होते. पोटॅशियम अधिक असल्याने मूत्रपिंडाच्या दीर्घ आजारात डॉक्टरांचा सल्ला घ्यावा लागतो. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी पाल्याचे प्रमाण अचानक वाढवू नये, कारण त्यातील ‘के’ जीवनसत्त्व औषधाचा परिणाम घटवते. मधुमेहात बीट वर्ज्य नाही. गाळलेल्या रसापेक्षा तंतूंसह खाल्लेले अखंड बीट बरे. नायट्रेटमुळे सहा महिन्यांखालील बाळाला बिटाचा रस अथवा पेज देऊ नये. शिजवलेले बीट उन्हाळ्यात तासन्‌तास बाहेर ठेवल्यास जीवाणूंमुळे नायट्रेटचे नायट्राइट होते, म्हणून उरलेले बीट थंड जागी ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावे.

अन्य उपयोग

बिटापासून काढलेला रंग ‘ई १६२’ या क्रमांकाने आइस्क्रीम, दही व मिठाईत वापरला जातो. घरी रंगपंचमीसाठी बिटाचा कीस पाण्यात भिजवून गुलाबी पाणी करतात. सुती कपड्यांवर हा रंग पक्का बसत नाही व थंड पाण्यात लगेच धुतल्यास बराचसा निघतो. हातांना लागलेला रंग लिंबू व मीठ चोळल्याने जातो. लाकडी पोळपाटावर किंवा चिरण्याच्या फळीवर मात्र तो मुरतो, यासाठी बीट चिरण्याआधी फळीला तेलाचा हात लावतात.